सर्व्हरच्या बूट डिस्कला दोन वाटा असूनही सर्व्हर पडला: महापेतली एक रात्र

खाडीपल्याड | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो. मुख्य कार्यालय ठाण्यात, रॅक महापेला एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेलं. काल रात्री जे घडलं ते सविस्तर लिहितो. बिघाडाचं कारण मला अजून कळलेलं नाही आणि पुढच्या आठवड्यात संचालकांना उत्तर द्यायचं आहे.

मांडणी साधी आहे. दोन सर्व्हर, दोघांतही स्वतःची डिस्क नाही. दोघेही फायबर चॅनेलवरून (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क, म्हणजे सॅन) स्टोरेजमधल्या आपापल्या लनवरून (सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा स्टोरेजचा तुकडा) बूट होतात. स्टोरेजला दोन कंट्रोलर. स्विच दोन, ए आणि बी, एकमेकांना न जोडलेले. कंट्रोलर १ ची तार ए ला, कंट्रोलर २ ची बी ला. प्रत्येक सर्व्हरच्या एचबीए कार्डावर (फायबर चॅनेलला जोडणारं कार्ड) दोन पोर्ट, त्यातला एक ए ला, एक बी ला. थोडक्यात, प्रत्येक लनपर्यंत दोन वाटा. ऑपरेटिंग सिस्टम रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८, रूट (जिथे सिस्टम असते तो मुख्य भाग) एलव्हीएमवर (डिस्कचे भाग करून वाटणारा लिनक्सचा थर), फाइल सिस्टम एक्सएफएस.

सुरुवातीला फक्त ए स्विच होता, त्यामुळे इन्स्टॉल एकाच वाटेवर झालं. बी नंतर आला. तेव्हा मल्टिपाथ (एकाच डिस्कच्या अनेक वाटा एका नावाखाली आणणारी सोय) चालू केलं, ड्रॅकट या साधनाने इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी प्रणाली) नव्याने बनवली, रीबूट केलं. रूट एमपाथए वर, म्हणजे मल्टिपाथने दिलेल्या नावावर, दिसलं. मग एकेक तार काढून पाहिली, सर्व्हर हललासुद्धा नाही. मी समाधानाने घरी गेलो.

काल दोन्ही स्विचचं फर्मवेअर बदलायचं होतं, एका वेळी एक. रात्री ११ ला ए खाली घेतला. दोन्ही सर्व्हर बी वरून चालत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरची रॅमची एक पट्टी बदलून घेऊ असं ठरलं, कारण ती महिनाभर चुका दाखवत होती. सर्व्हर बंद केला, पट्टी बदलली, चालू केला, व्यवस्थित उठला. १२:४० ला ए परत आला. दीड वाजता बी खाली घेतला.

पहिला सर्व्हर ठणठणीत. दुसरा मात्र संपला. पिंगला उत्तर देत होता, पण लॉगिन पुढे जाईना. कन्सोलवर प्रत्येक कमांडला ‘इनपुट/आउटपुट एरर’, त्याच्या वर एक्सएफएसने फाइल सिस्टम बंद केल्याचा संदेश. बी परत आल्यावरही तो सुधारला नाही, शेवटी वीज तोडून चालू करावा लागला. डेटा गेला नाही. पण आज सकाळी पिग्मी एजंटांचं कलेक्शन अपलोड व्हायचं ते दुपारपर्यंत अडकलं.

ए वाट चालत होती हे पहिल्या सर्व्हरने दाखवलं. मग दुसऱ्याने ती का घेतली नाही?

—

फायबरवाला | रविवार, रात्री ९:५२

धागाकर्ते, फार नीट लिहिलंत. तुमच्या हकिगतीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: ए बंद असताना दुसरा सर्व्हर बंद करून चालू केला.

तीन गोष्टी बघून सांगा.

त्या मधल्या बूटच्या नोंदी जर्नलमध्ये असतील. १२:४० नंतर, म्हणजे ए परत आल्यावर, मल्टिपाथडी (मल्टिपाथ सांभाळणारा प्रोग्राम) काय म्हणाला?

त्याच बूटमध्ये एलव्हीएमने फिजिकल व्हॉल्यूम (त्याच्या खालची डिस्क) कुठे पाहिला, एसडीए वर (एकाच वाटेने दिसणारी साधी डिस्क) की एमपाथए वर?

आणि एलएसइनिटआरडी (इनिट्रॅमएफएसच्या आत बघायचं साधन) वापरून सध्याच्या इनिट्रॅमएफएसमधली मल्टिपाथ फोल्डरातली डब्ल्यूडब्ल्यूआयडीज नावाची फाइल (डब्ल्यूडब्ल्यूआयडी म्हणजे लनचा ओळख-आकडा, त्यांची यादी) उघडा. डिस्कवरची नव्हे, इनिट्रॅमएफएसच्या आतली.

—

खाडीपल्याड | रविवार, रात्री १०:३५

पाहिलं. मधल्या बूटमध्ये रूट एसडीए वर होतं! एमपाथए बनलंच नव्हतं. १२:४१ ला एसडीबी (तीच डिस्क दुसऱ्या वाटेने) आली आणि मल्टिपाथडीने मॅप (दोन्ही वाटा एकत्र धरणारी डिस्क) बनवायचा प्रयत्न केला, तर ‘डिव्हाइस बिझी’. दोन-तीन वेळा तेच, मग गप्प.

इनिट्रॅमएफएसमधली फाइल आहे, पण तिच्यात फक्त वरच्या सूचनांच्या ओळी आहेत. आपल्या लनचा आकडा नाही. डिस्कवरच्या फाइलमध्ये मात्र आहे. पहिल्या सर्व्हरवरही अगदी तसंच.

—

फायबरवाला | रविवार, रात्री ११:२०

मग झालं निदान. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे शोधत येणाऱ्यालाही उपयोग होईल.

तुमच्या मल्टिपाथ.कॉन्फमध्ये ‘फाइंड मल्टिपाथ्स’ ‘यस’ असणार. रेड हॅटच्या साधनाने फाइल बनवली की तसंच येतं. त्याचा अर्थ असा: एकाच डब्ल्यूडब्ल्यूआयडीच्या किमान दोन वाटा दिसल्या, तरच मॅप बनव. एकच दिसली तर ती साधी डिस्क समज. याला अपवाद एकच. तो आकडा डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमध्ये आधीच नोंदलेला असेल, तर एका वाटेवरही मॅप बनतो.

आता तुमचा क्रम बघा. मल्टिपाथ चालू केलं तेव्हा रूट एसडीए वर आरूढ होतं, त्यामुळे मॅप बनू शकला नाही आणि आकडा फाइलमध्ये गेला नाही. त्याच अवस्थेत तुम्ही इनिट्रॅमएफएस बनवली, म्हणजे तिच्यात कोरी फाइल गेली. रीबूट केल्यावर दोन वाटा दिसल्या, नियमाप्रमाणे मॅप बनला, आकडा डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहिला गेला. इनिट्रॅमएफएस मात्र जुनीच राहिली. नंतर कर्नल बदललं असतं तर ती आपोआप नव्याने बनली असती. बदललं नसावं.

काल ए बंद असताना मशीन उठलं. इनिट्रॅमएफएसला एकच वाट दिसली, नोंद कोरी, म्हणून तिने लनला साधी डिस्क मानलं आणि एलव्हीएमने एसडीए थेट उचलली. रूट एकदा एसडीए वर चढलं की चालू मशीनमध्ये ते खालून काढून एमपाथए वर ठेवता येत नाही. म्हणून ‘बिझी’. तिथून पुढे त्या सर्व्हरला एकच वाट होती, आणि दीड वाजता तुम्ही नेमकी तीच बंद केली.

उपाय लहान आहे. डिस्कवरच्या फाइलमध्ये आकडा आहेच, तेव्हा ड्रॅकट -एफ चालवा. मग एलएसइनिटआरडीने आत बघून आकडा आल्याची खात्री करा. ही खात्री न करता रीबूट करू नका. इथून पुढे मल्टिपाथ.कॉन्फमध्ये एक अक्षर जरी बदललंत तरी ड्रॅकट पुन्हा चालवायचं, कारण बूटच्या वेळी वाचली जाते ती आतली प्रत.

‘फाइंड मल्टिपाथ्स’ला ‘ग्रीडी’ लावला तर एका वाटेवरही मॅप बनतो. पण मग स्थानिक डिस्का आणि यूएसबी वगैरे ब्लॅकलिस्टमध्ये टाकाव्या लागतात. तुमच्याकडे स्थानिक डिस्क नाहीच, तेव्हा तोही पर्याय चालेल. मी स्वतः ‘यस’ ठेवून नोंद पक्की करतो.

—

कळव्याचा_विद्यार्थी | सोमवार, सकाळी ७:४५

एक प्राथमिक प्रश्न विचारतो, दादा लोकांनी रागावू नये. हे सगळं रेडसारखंच (अनेक डिस्का मिळून एक) नाही का? आणि नेटवर्कचं बाँडिंग (दोन तारा मिळून एक) असतं तसं काही करता येत नाही का?

—

ऐरोलीची_स्टोरेजवाली | सोमवार, दुपारी १:१५

रागवायचं काय त्यात, विचारायलाच हवं.

रेड १ मध्ये माहितीच्या दोन प्रती असतात. मल्टिपाथमध्ये प्रत एकच, तिच्यापर्यंत जायच्या वाटा दोन. एसडीए आणि एसडीबी अशा दोन डिस्का दिसतात, पण तो एकच लन असतो, दोन दारांतून पाहिलेला. मल्टिपाथ डब्ल्यूडब्ल्यूआयडी जुळवून ते ओळखतं आणि वर एकच नाव ठेवतं. चुकून कोणी स्टोरेजवरून लनच उडवला तर दहा वाटा असूनही उपयोग शून्य. त्यासाठी बॅकअप वेगळा.

बाँडिंग फायबर चॅनेलला नाही. आयस्कझीला (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज) आहे, पण तिथेही जाणकार दोन वेगळे सबनेट ठेवून मल्टिपाथच करतात. आणि आयस्कझीमध्ये ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ डिफॉल्ट १२० सेकंद असतो. मल्टिपाथ लावलं असेल तर तो ५ ते १५ पर्यंत खाली आणावा लागतो, नाहीतर मेलेली वाट सोडायलाच दोन मिनिटं जातात.

तू कळव्याचा आहेस म्हणून तुझ्या ओळखीचं उदाहरण देते. ठाण्याहून ऐरोलीला यायचं तर एक रस्ता विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून, दुसरा मुलुंडकडून ऐरोली पुलावरून. पावसात विटाव्याला पाणी भरलं की दुसरा रस्ता खरा कामाला येतो. पण बस आणि रिक्षा दोन्ही विटाव्याखालूनच आणल्या तर त्याला कोणी दोन रस्ते म्हणणार नाही.

म्हणून धागाकर्त्यांना माझा प्रश्न: तुमचे एचबीएचे दोन पोर्ट एकाच कार्डावर आहेत ना? कार्ड गेलं की दोन्ही वाटा गेल्या. दोन स्विचच्या विजेचे प्लग एकाच पीडीयूत (रॅकची वीजपट्टी) आहेत का? आणि स्टोरेजवर पोर्ट रिकामे असतील तर प्रत्येक कंट्रोलर दोन्ही स्विचना जोडा. झोनिंग (स्विचवर कोणाला कोण दिसेल ते ठरवणं) करताना एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट ठेवा. मग दोनाच्या चार वाटा होतील. आज ए गेला की कंट्रोलर १ सुद्धा जातो, आणि सगळं काम कंट्रोलर २ वरून, आलुआच्या (कंट्रोलरांच्या वाटांचा अग्रक्रम सांगणारी पद्धत) भाषेत ‘नॉन-ऑप्टिमाइज्ड’ वाटेने चालतं. चालतं, पण लनचा मालक कंट्रोलर वेगळा असल्याने हळू.

—

फायबरवाला | सोमवार, दुपारी २:०५

ताईंशी पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो. चार वाटा असत्या तर ए बंद असतानाही दोन वाटा दिसल्या असत्या, मॅप बनला असता, आणि ही चूक वर्षानुवर्षं लपून राहिली असती. चार वाटा करा जरूर. पण आधी आतली नोंद दुरुस्त करून दोन वाटांवरच चाचणी घ्या.

—

घोडबंदर_रोडी | सोमवार, रात्री ८:३०

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. बूट डिस्क सॅनवर ठेवायचीच कशाला? आमच्याकडे सगळ्या सर्व्हरमध्ये एम.२ च्या दोन छोट्या एसएसडी, एका कार्डावर हार्डवेअर रेड १ मध्ये. ऑपरेटिंग सिस्टम तिथून, डेटा सॅनवरून मल्टिपाथने. सॅन पूर्ण गेलं तरी मशीन जिवंत राहतं, लॉगिन होतं, नोंदी लिहिल्या जातात, काय बिघडलं ते त्याच मशीनवर बसून बघता येतं. तुमच्याकडे ज्या डिस्कवर दुरुस्तीची हत्यारं, तीच डिस्क गायब झाली. दोन सर्व्हरच्या संस्थेने एवढा व्याप का करावा?

—

खाडीपल्याड | सोमवार, रात्री ९:४०

मुद्दा खरा आहे आणि नवीन खरेदीत मी त्याचा विचार करीन. आमचं कारण सांगतो. रॅकमध्ये तिसरा, त्याच मॉडेलचा सर्व्हर नुसता उभा आहे. दोघांपैकी एखाद्याचा मदरबोर्ड गेला तर त्याचा लन तिसऱ्याला दाखवायचा आणि मशीन जसंच्या तसं उठवायचं. गेल्या पावसाळ्यात एकदा करावं लागलं. मी ठाण्याहून पोचायच्या आत डेटा सेंटरच्या माणसाने वीज दिली, झोन आणि मॅपिंग मी घरून बदललं. नवीन इन्स्टॉल, परवाने, सेटिंग काही नाही.

—

ऐरोलीची_स्टोरेजवाली | सोमवार, रात्री १०:००

तिसरा सर्व्हर वापरता तर एक कळकळीची विनंती. जुन्या सर्व्हरचं मॅपिंग काढल्याशिवाय नव्याला लन दाखवू नका. एक्सएफएस एका वेळी एकाच मशीनने माउंट करायची फाइल सिस्टम आहे. दोन मशीन एकाच वेळी तिच्यावर लिहू लागली तर ती सडते, आणि ते लगेच कळतही नाही. मेलेला वाटणारा सर्व्हर कधी कधी वीज आल्यावर आपणहून उठतो. मी हे निस्तरताना पाहिलं आहे, तीन रात्री गेल्या होत्या.

—

खाडीपल्याड | रविवार, सकाळी ११:३०

आठवडाभराने परत आलो. काल रात्री देखभालीची वेळ मागून घेतली होती. शेवटच्या ट्रान्स-हार्बर लोकलने जाऊन पहाटेच्या पहिल्या लोकलने परत आलो, आता झोप काढून लिहितोय.

आधी दोन्ही सर्व्हरवर ड्रॅकट चालवलं आणि आत डोकावून आकडा आल्याची खात्री केली. नाव एमपाथए ऐवजी प्रत्येक बूट लनला स्वतःचं उपनाव दिलं, त्यासाठी ड्रॅकट पुन्हा चालवलं. मग चाचणी. यावेळी स्विच बंद केला नाही. स्विचवर फक्त त्या सर्व्हरचा पोर्ट बंद केला, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला धक्का नाही.

दुसरा सर्व्हर, ए बंद: सर्व्हर पूर्ण बंद करून चालू केला. उठला, आणि रूट एका वाटेच्या मॅपवर! मग ए चा पोर्ट उघडला, काही सेकंदांत दुसरी वाट आपोआप मॅपमध्ये आली. त्यानंतर चालू मशीनवर बी बंद केला. हललं नाही. नेमकं इथेच त्या रात्री मेलं होतं. खरं सांगतो, स्क्रीनकडे बघताना हात थंड पडले होते. मग उलट, बी बंद ठेवून बूट. तेही व्यवस्थित.

आता पहिला सर्व्हर, जो त्या रात्री ठणठणीत होता. ए बंद करून चालू केला, आणि उठलाच नाही! बूट डिव्हाइस सापडत नाही, एवढाच संदेश. लिनक्सपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

ए उघडून उठवला आणि ईएफआयबूटएमजीआरने यादी पाहिली. बूटची एकच नोंद, आणि तिच्यात कंट्रोलर १ च्या पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख-आकडा). मग एचबीएच्या सेटअपमध्ये शिरलो. दुसऱ्या पोर्टवर सॅन बूट चालूच नव्हतं. दुसऱ्या सर्व्हरवर बी आला तेव्हा कोणीतरी, बहुधा मीच, ते चालू केलं होतं, पहिल्यावर राहून गेलं. दुसऱ्या पोर्टला कंट्रोलर २ चा डब्ल्यूडब्ल्यूपीएन आणि लन ० दिला, बूटच्या क्रमात नोंद वाढवली. पुन्हा ए बंद करून चालू केला. वेळ जास्त लागला, आधी मेलेल्या वाटेवर शोधत बसतो, पण उठला.

त्या रात्री रॅमची पट्टी पहिल्या सर्व्हरची खराब असती तर ए परत येईपर्यंत तो उठलाच नसता.

—

फायबरवाला | रविवार, दुपारी १२:१५

फार चांगलं काम केलंत. तार काढून केलेली चाचणी फक्त चालू मशीनची असते. मशीन उठताना लन तीन वेळा, तीन वेगळ्या हातांनी शोधला जातो. आधी एचबीए आणि यूईएफआय (मशीनचं फर्मवेअर), मग इनिट्रॅमएफएस, मग प्रत्यक्ष प्रणाली. पहिल्याला मल्टिपाथ माहीतच नसतं, त्याची नोंद एका विशिष्ट वाटेचीच असते. दुसऱ्याकडे सेटिंगची जुनी प्रत असते. तुमच्या दोन सर्व्हरमध्ये दोन वेगळ्या टप्प्यांवर भोक होतं आणि दोन्ही तार काढण्याच्या चाचणीत पास झाले होते.

आता एक निर्णय बाकी आहे. दोन्ही वाटा एकदम गेल्या तर काय? ‘नो पाथ रिट्राय’ किती ठेवलंय?

—

खाडीपल्याड | रविवार, दुपारी १२:४०

१२. पोलिंग ५ सेकंदांचं, म्हणजे साधारण एक मिनिट वाट बघून एरर. ‘क्यू’ ठेवावं का?

—

फायबरवाला | रविवार, दुपारी १:३०

बूट लनला मी ‘क्यू’ ठेवतो. एक मिनिटानंतर एरर वर गेली की एक्सएफएस बंद होतं आणि वाटा परत आल्या तरी मशीन परत येत नाही, ते तुम्ही पाहिलंच. ‘क्यू’वर मशीन गोठतं, पण वाट आली की जिथे थांबलं होतं तिथून चालू लागतं. मल्टिपाथडी स्वतःला मेमरीत बांधून ठेवतो, त्यामुळे रूट गोठलं तरी तो वाटा तपासत राहू शकतो.

—

ऐरोलीची_स्टोरेजवाली | रविवार, दुपारी २:२०

इथे माझं थोडं वेगळं मत. दोन सर्व्हर क्लस्टरमध्ये असतील तर गोठलेलं मशीन वाईट. ते ना जिवंत ना मेलेलं, दुसरा त्याची जागा घ्यायला कचरतो. तिथे ठरावीक मुदत बरी. यांचे सर्व्हर स्वतंत्र आहेत, तेव्हा यांच्यासाठी ‘क्यू’च योग्य. डेटाच्या लनला वेगळं मूल्य देता येतं, मल्टिपाथ.कॉन्फमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीप्रमाणे लिहून.

आणि नोंदी बाहेर पाठवा. रूट गोठलं की जर्नल डिस्कवर काही लिहू शकत नाही, नंतर तपासायला हातात काहीच उरत नाही. ठाण्याच्या कार्यालयात एखादं साधं मशीन सिसलॉग घ्यायला ठेवलंत तरी पुरे.

—

घोडबंदर_रोडी | रविवार, दुपारी ४:०५

माझं एम.२ चं मत कायम आहे, पण हा धागा वाचून मी आज आमच्या डेटाच्या लनसाठी इनिट्रॅमएफएस उघडून पाहिली. दोन सर्व्हरवर मल्टिपाथ.कॉन्फची आतली प्रत आणि बाहेरची प्रत वेगळी निघाली. आज रात्रीच दुरुस्त करतो. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

—

खाडीपल्याड | रविवार, संध्याकाळी ६:३०

दोन्ही सर्व्हरवर बूट लनला ‘क्यू’ केलं, ड्रॅकट चालवलं, आत तपासलं. स्विचचे प्लग बघितले: ताईंनी विचारलं ते बरं झालं, दोन्ही एकाच पीडीयूत होते. बी चा प्लग हलवायला सांगितलंय, उद्या फोटो मागवतो. स्टोरेजवर प्रत्येक कंट्रोलरला एकेक पोर्ट रिकामा आहे, दोन तारा आणि चार एसएफपीचं (तारेच्या टोकाचे मॉड्यूल) कोटेशन मागवलंय. दुसऱ्या एचबीए कार्डाचं पुढच्या अंदाजपत्रकात टाकतो.

आता उरलं केडंप (कर्नल कोसळल्यास मेमरीची प्रत जपणारी सोय). त्याची स्वतःची वेगळी इनिट्रॅमएफएस असते, तिच्यात मल्टिपाथ आहे की नाही ते अजून पाहिलेलं नाही. बघून इथेच लिहितो.